ती जुनी बाटली आधी टाकून दे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आत्ताच वाचलं. दोन दिवस डोळे लाल, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात, आणि गेल्या वेळचे उरलेले थेंब घालू का म्हणून विचारलंयस. नको. ती बाटली टाकून दे, मग पुढचं वाच.

मी नेमकं हेच केलं होतं. तेव्हा लेन्स न काढताच झोपायचो. डोळा लाल झाला आणि घरात सापडलेले थेंब घातले. लाली उतरली, मी निश्चिंत झालो. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. ते लाली दाबतं, पण डोळ्याची प्रतिकारशक्तीही दाबतं, आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं. चौथ्या दिवशी उजेड सहन होईना. बुबुळावर व्रण झाला होता. मग तासातासाला औषध, रात्रीसुद्धा. डोळा वाचला, पण बुबुळावर बारीक फूल, म्हणजे पांढरट डाग, राहिलं. अजून रात्री समोरचा दिवा फाकलेला दिसतो.

तुझं मात्र साधं डोळे येणं वाटतं. ते बहुधा विषाणूमुळे होतं, अनेकदा अ‍ॅडिनोव्हायरसमुळे, आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. गार पाण्याच्या घड्या ठेव, कृत्रिम अश्रूंचे थेंब घाल. एक-दोन आठवड्यांत, क्वचित तीन, ओसरेल. दिवसभर घट्ट पिवळा पू येत राहिला तर जिवाणूंची शक्यता असते. तेव्हा कोणते थेंब घालायचे ते डॉक्टरांना ठरवू दे.

घरच्यांना तुझ्याकडे बघून काही होणार नाही. संसर्ग हातांनी पसरतो. डोळ्याला लागलेला हात टॉवेलला, अभ्र्याला, दाराच्या कडीला लागतो, आणि हा विषाणू तिथे कित्येक दिवस टिकतो. तुझा टॉवेल वेगळा ठेव, अभ्रा रोज बदल, साबणाने हात धू. थेंब घालताना बाटलीचं टोक पापणीला टेकवू नकोस. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होईल, लागण थांबणार नाही.

लेकीला रांजणवाडी झाल्याचंही लिहिलंयस. तिला कोमट पाण्याच्या घडीने दहा-दहा मिनिटं शेक द्या, दिवसातून तीन-चारदा. पिळू मात्र देऊ नका.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. उजेड खुपतो का? डोळा आतून ठणकतो का, डोळे मिचकावूनही अंधुक दिसतं का? यातलं एक जरी असेल, तर मला उत्तर लिहीत बसू नकोस. आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा.

तुझाच,
जुना सोबती