दुर्बीण पावसाळ्यात आणा, साहेब

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, म्हणून बायकांच्या दुर्बिणीच्या नसबंदीबद्दल जरा मोकळं लिहिते.

आमच्याकडे कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन थंडीत करायचं, असं ठरूनच गेलंय. थंडीत जखम चिघळत नाही म्हणे. शिबिरंही तेव्हाच लागतात. ऑपरेशनच्या आकड्यांची उद्दिष्टं कागदावरून १९९६ साली गेली, पण मार्च जवळ आला की आठवतात सगळ्यांनाच! आणि नेमकं त्याच दिवसांत आमचं गाव रिकामं असतं. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या पाडव्याच्या आगेमागे परततात. जिला ऑपरेशन हवं असतं, ती शिबिराच्या दिवशी कुठल्या तरी फडात कोयता चालवत असते.

मग होतं काय, तर निघायच्या तोंडावर घाई. अशी एक लेकुरवाळी बाई विसरत नाही. टाक्याचं, म्हणजे दुर्बिणीविना पोटावर छेद घेऊन करतात ते, ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी ती ट्रॅक्टरमध्ये बसली. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली, थांबणार कशी? निदान आठवडाभर जड उचलू नको, हे मीच तिला बजावलं होतं. तिने मान हलवली. फडावर मोळी डोक्यावर घेतली आणि टाका पिकला.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला बेंबीखाली जेमतेम एक सेंटीमीटरचा छेद लागतो. पोटात गॅस भरून, दुर्बिणीतून बघत दोन्ही बीजनळ्यांना रिंग बसवतात. भूल बहुधा जागेपुरतीच, आणि बाई त्याच दिवशी घरी. विश्रांती तिलाही लागतेच, पण जखम लहान म्हणून दुखणं कमी. अडचण अशी की बाळंतपणानंतर सहा आठवडे हे करता येत नाही, आणि ते स्त्रीरोगतज्ज्ञाने किंवा सर्जननेच करायचं असतं. टाक्याचं मात्र प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टरही करतो. त्यामुळे दुर्बीणवाले डॉक्टर येतील तो दिवस आमच्यासाठी मुहूर्त, आणि त्या दिवशी झुंबड.

झुंबडीचं काय होतं ते छत्तीसगडने बघितलंय. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ ऑपरेशनं उरकली, १३ बाया गेल्या. प्रत्येक बाईनंतर दुर्बीण निर्जंतुक करायला वेळ लागतो. तो वेळ रांगेत सापडत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

म्हणून मागणी एकच. जून ते सप्टेंबर, ऊसतोडीच्या तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक वार दुर्बिणीसाठी ठरवा. डॉक्टर तिथे आलेच पाहिजेत, आणि दुर्बिणी एकीपेक्षा जास्त हव्यात. बाईला आधी कळलं, तर ती निघण्यापूर्वी दोन आठवडे घरी राहू शकेल.

पुरुषांची नसबंदी याहून सोपी, बिनटाक्याची. तरी देशातल्या नसबंदीत पुरुषांचा वाटा अगदीच नगण्य. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, आणि ते बहुधा आमच्या भावांना, तुम्हाला नव्हे.

यंदाची उचल वाटायला मुकादम आषाढातच गावात फिरू लागतील. रुग्णालयाच्या दारावर वाराची पाटी त्याआधी लागू द्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
जि. बीड