बाबांच्या सोमवारच्या एमआरआयआधी

ती. आई-बाबांना सा. न.

काल फोनवर बाबांचा आवाज पडलेला वाटला. आई म्हणाली, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी आलेला एमआरआयचा रिपोर्ट काढून ते पुन्हा पुन्हा वाचतात आणि 'रेसिड्युअल', म्हणजे 'उरलेली', या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारलीय. बाबा, त्या शब्दापुढे प्रश्नचिन्हही आहे. शिवाय रिपोर्ट लिहिताना ऑपरेशनआधीच्या फिल्म कुणी आपल्याकडे मागितल्याच नाहीत, याचा मला अजून राग येतो.

आई, तू विचारलं होतंस ना, ऑपरेशन नाकातून, मग बेंबीजवळ टाके कशाला? तिथली थोडी चरबी काढून गाठीच्या रिकाम्या जागेत भरली, मेंदूभोवतीचं पाणी नाकात झिरपू नये म्हणून. एमआरआयमध्ये चरबी मुळातच पांढरी चमकते, ताजं रक्तही फसवतं. अशा गर्दीत उरलेली गाठ ओळखणं अवघड. म्हणून तर तीन महिने थांबायला सांगितलं. एव्हाना रक्त जिरलेलं असेल, सूज उतरलेली असेल. आधी साधे फोटो काढतील, मग शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे फोटो उजळवणारं औषध, देऊन पुन्हा. निरोगी पिट्युटरी ते चटकन घेते आणि उजळते, गाठ सावकाश उजळते. वाटाण्याएवढी ग्रंथी, त्यामुळे फोटोही दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ कापांचे. या वेळचे फोटो पुढच्या प्रत्येक वेळी तुलनेला लागतील.

मी मात्र रिपोर्टमध्ये आधी एकच शोधणार: गाठीचा डोळ्यांच्या नसांवरचा दाब गेला का. खरं तर मागच्या महिन्यात मला ते दिसलंय. आईने डावीकडून सरकवलेली आमटीची वाटी तुम्ही मान न वळवता उचललीत. ऑपरेशनआधी त्याच जागी तांब्या दोनदा लवंडला होता.

आणि समजा, थोडं काही उरलं असलं, तरी लगेच पुन्हा ऑपरेशन असं नसतं. बऱ्याचदा ठरावीक काळाने फोटो काढून नुसतं लक्ष ठेवतात.

हायड्रोकॉर्टिसोनची (स्टेरॉइडची) सकाळची गोळी चुकवायची नाही. उपाशी यायला सांगितलं असलं तरी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, मी डॉक्टरांना विचारलंय. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट बरोबर ठेवा. गळ्यातली चेन आणि अंगठी घरीच काढा. मशीन खूप आवाज करतं, पण ते चुंबक आहे, त्यात एक्स-रे नसतात.

मी रविवारी रात्रीच्या गाडीने निघतेय, सोमवारी आठपर्यंत पोचेन. आई, ऑपरेशनआधीच्या फिल्म आणि सीडी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या साड्यांखाली आहेत. त्या आजच काढून ठेव.

तुमची,
मनू