कुंभकर्णाबद्दल बोलली म्हणून पोरीचे मार्क कापले

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दसऱ्याच्या आधीपासून रावण दहनावर पत्रं येऊन राहिली आहेत, एकाचं म्हणणं दहनच बंद करा आणि दुसऱ्याचं म्हणणं की रावणाबद्दल चांगला शब्द काढणारा धर्माचा वैरी. मी दोन्ही वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले, कारण या भांडणाचा फटका माझ्या तेरा वर्षांच्या पोरीला बसला आहे.

तिच्या वक्तृत्व स्पर्धेत विषय होता रामायणातलं आवडतं पात्र. सगळ्यांनी राम, सीता, हनुमान घेतले, हिने कुंभकर्ण घेतला. आमच्याकडे उशिरापर्यंत झोपणाऱ्याला कुंभकर्ण म्हणतात तेवढीच त्याची ओळख, म्हणून हिला वाटलं की खरा कुंभकर्ण लोकांना सांगावा. महिनाभर आम्ही दोघी रात्री जेवणं झाली की वाल्मीकी रामायणाचं मराठी भाषांतर घेऊन बसायचो, युद्धकांड तर दोनदा वाचलं. स्पर्धेत तिचं भाषण अर्ध्यावर आलं तेव्हा एका परीक्षकांनी तिला थांबवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, राक्षसाची तारीफ आपल्या संस्कृतीत बसत नाही. मार्क कापले ते वेगळंच, वरून पुढच्या वेळी लक्ष्मण घे असा सल्ला दिला. पोरगी घरी येऊन जेवली नाही. शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, मला कोणाची बदनामी करायची नाही, पण जे बोलले ते चूक आहे हे मला सांगायचंच आहे.

कारण ही तारीफ माझ्या पोरीने केलेली नाही, वाल्मीकींनी केली आहे. लंकेच्या दरबारात कुंभकर्ण सख्ख्या मोठ्या भावाला तोंडावर सांगतो की सीतेला आणण्याआधी आम्हाला विचारायचं होतं, रामाने तुला अजून मारलं नाही हे तुझं नशीब समज. पुढे युद्ध अंगाशी आल्यावर त्याला झोपेतून उठवतात तेव्हाही तो आधी नीतीच्याच गोष्टी सांगतो. रावण चिडतो, म्हणतो तू काय मला गुरुसारखा शिकवतोस, आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणतो की माझं चुकलं असेल पण जो घसरलेल्याला सावरायला येतो तोच खरा भाऊ. हे वाचताना माझी पोरगी थांबली आणि म्हणाली, आई आता हा जाणार ना गं. आणि तो जातो. तो काही साधू नव्हता, मूठमूठ वानर धरून तोंडात घालत होता, तेही तिने भाषणात सांगितलं होतं, काही लपवलं नव्हतं.

तमिळमध्ये कंबनाने हेच रामायण लिहिलं त्यात तर विभीषण रणांगणात कुंभकर्णाला भेटून म्हणतो, चल माझ्यासोबत रामाकडे. कुंभकर्ण नाही म्हणतो. ज्याने मला इतके दिवस वाढवलं आणि शेवटी युद्धासाठी सजवून पाठवलं त्याच्यासाठी जीव न देता, पाण्यावरच्या रांगोळीसारख्या या आयुष्याचा लोभ धरून मी येणार नाही म्हणतो. पाण्यावरची रांगोळी! तुलसीदासांकडे हाच कुंभकर्ण विभीषणाला धन्य धन्य म्हणतो, तू आपल्या कुळाचं भूषण झालास म्हणतो, आणि स्वतः मात्र मरायला पुढे जातो. कंबन काय तुलसीदास काय, रामाचे भक्तच ना हे, मग त्यांना या राक्षसासाठी एवढं वाटलं त्यात त्यांची भक्ती कुठे कमी झाली?

दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही मला सांगायचं आहे. दसरा आला की व्हॉट्सअपवर ते फिरतं ना, रावणाने सीतेला हात लावला नाही, किती संस्कारी, असा भाऊ सगळ्यांना मिळो वगैरे, ते मला पोटातून खटकतं. वाल्मीकींच्या युद्धकांडात रावण स्वतःच्या तोंडाने सांगतो की पुंजिकस्थला नावाच्या अप्सरेवर त्याने जबरदस्ती केली आणि ब्रह्मदेवाने शाप दिला की पुन्हा एखाद्या बाईवर अशी जबरदस्ती केलीस तर डोक्याची शंभर शकलं होतील, त्या शापाच्या भीतीने तो थांबला. एका बाईला उचलून नेऊन महिनोनमहिने कोंडून ठेवणाऱ्याला आदर्श भाऊ म्हणून फिरवणं हे सीतेवर अन्याय करणं आहे, आणि त्यात वाल्मीकींचा रावणही हरवतो, जो कुंभकर्ण पडल्यावर माझा उजवा हातच गेला म्हणून रडतो आणि विभीषणाचं ऐकलं नाही ते आज भोवलं असं कबूल करतो. तेवढ्या जागेवर मला त्याची दया येते. तो चांगला होता म्हणून नाही, त्याला कळलं पण फार उशिरा कळलं म्हणून.

आणि नागपूरकरांना हे नवीन आहे का हो? मारबत म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळायची बाईची मोठी मूर्ती, त्यातली पिवळी मारबत 1885 पासून निघते, काळी त्याच्याही आधी, 1881 पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण तिला गावाबाहेर नेऊन जाळतो, पण त्याच्या आधी बाया तिची पूजा करतात, लहान लेकरांना तिच्या पायाशी ठेवतात. माझी आजी जगनाथ बुधवारी या वस्तीत मला घेऊन जायची, गर्दीत मला उचलून मारबतीच्या पायाला माझं डोकं टेकवायची आणि नंतर मिरवणुकीत त्याच मारबतीला जा जा म्हणून ओरडायची. मारबतीला पूतना म्हणणारे आपल्याकडे आहेत, आणि भागवतात तर पूतना स्तनाला विष लावून कृष्णाला मारायला आली तरी तिला आईची गती मिळाली, दूध पाजलं एवढ्यावर! आजीला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिला ते ठाऊकच होतं.

आपल्या रामटेकजवळच्या नगरधनला वाकाटक राजांची राजधानी होती, त्यांच्याच दुसऱ्या प्रवरसेनाने महाराष्ट्री प्राकृतात सेतुबंध लिहिलं, त्याचं दुसरं नाव रावणवध. दीड हजार वर्षं झाली या भागात ही गोष्ट सांगून, आणि आज शाळेत एका पोरीला ती पूर्ण सांगू देत नाहीत.

रावण मेल्यावर विभीषण अंत्यसंस्कार करायला कचरतो तेव्हा राम म्हणतो, ‘मरणान्तानि वैराणि’, वैर मरणापर्यंतच, याचे संस्कार कर, हा जसा तुझा तसा माझाही. पोरीच्या भाषणाचा शेवट हाच होता. तिथपर्यंत तिला जाऊ दिलं नाही.

यंदा कस्तुरचंद पार्कला रावण दहन बघायला आम्ही गेलो होतो. फटाके फुटायला लागल्यावर ती माझा हात धरून कुंभकर्णाच्या पुतळ्याकडेच बघत होती. मला एवढीच विनंती करायची आहे, तुमच्या रविवारच्या पुरवणीत युद्धकांडातला दोन भावांचा तो संवाद मराठीत छापा, म्हणजे ती तो कापून शाळेत घेऊन जाईल.

आपली एक वाचक,
महाल, नागपूर