कॅव्हूडल घेण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आयुष्यभर गावोगाव हिंडून गाईंचा संकर केलात, आणि मी कॅव्हूडल, म्हणजे कॅव्हेलियर आणि पूडल या जातींचं संकरित कुत्रं, घेते म्हटलं की नाक मुरडता?" वर तुझे दोन मुद्दे: या कुत्र्यानं अनिकेतला शिंका येणार नाहीत, आणि संकरित म्हणून ते तंदुरुस्तही असेल. तुझी आई बाजूला बसून हसत होती. प्रश्न रास्त होता आणि मी नुसतं "बघू" म्हणून फोन ठेवला. त्याचं नीट उत्तर द्यावं म्हणून हे लिहायला बसलो आहे. जरा लांबेल. मेलबर्नला थंडीत वाचायला तुझ्याकडे वेळ असेल असं गृहीत धरतो.

पहिली गोष्ट, संकराबद्दल माझ्या मनात अढी नाही. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ ही पशुपैदाशीचं काम करणारी संस्था सुरू केली, पुढे राहुरीच्या विद्यापीठानं गीर, होल्स्टीन आणि जर्सी अशा तिघींच्या रक्ताची फुले त्रिवेणी गाय तयार केली. आमची पिढी त्याच वाऱ्यावर नोकरीला लागली. संगमनेर तालुक्यात आज दुधावर जी घरं उभी आहेत, ती या संकरित गाईंमुळे उभी आहेत. कोरडवाहू दोन एकरांच्या मालकाची पोरं कॉलेजात गेली ती ज्वारीवर नाही, दुधावर गेली.

पण ते काम करताना जे शिकलो ते कुत्र्याला तसंच्या तसं लागू पडतं. गावठी गाय आणि होल्स्टीनचा वळू यांची पहिली पिढी उत्तम निघते, त्याला आम्ही संकरजोम म्हणतो. लोकांना वाटतं आता सूत्र सापडलं. मग ते संकरित गाईला संकरित वळूच लावतात आणि पुढच्या पिढीत सगळं विस्कटतं. एक कालवड आजीवर जाते, दुसरी भलत्यावर, दूध खाली येतं. म्हणून आम्हाला सांगणं असे की विदेशी रक्त पन्नास ते साडेबासष्ट टक्क्यांच्या आसपास ठेवा, त्यापुढे इथला उन्हाळा आणि गोचीड तिला झेपत नाही. वळू निवडायचा तो त्याच्या आईनं किती दूध दिलं ते बघून. कानात बिल्ला, वहीत नोंद. आणि एवढं करूनही एक प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुटला नाही. गोऱ्हा झाला तर? ट्रॅक्टर आल्यावर संकरित गोऱ्हा कुणालाच नको होता. त्याचं काय झालं ते तू लहानपणी बाजारच्या दिवशी पाहिलं आहेस, मी पुन्हा लिहीत नाही. संकर केला की मनाजोगतं न निघालेलं जनावरही जन्माला येतंच, आणि त्याची जबाबदारी कुणाची हे आधी ठरलेलं नसतं.

आता तुझ्या कुत्र्याकडे येतो. ही डूडलची, म्हणजे पूडलशी संकर केलेल्या कुत्र्यांची, लाट तुमच्याच राज्यातून उठली, हे तुला माहीत आहे का? वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ ऑस्ट्रेलियातल्या रॉयल गाइड डॉग्ज संस्थेत अंधांसाठी कुत्री पैदा करण्याचं काम बघत. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंनी त्यांच्याकडे कुत्रं मागितलं, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी. कॉनरननी तीन वर्षांत ३३ पूडल तपासून पाहिले, एकही त्या कामाला जमला नाही. शेवटी १९८९ मध्ये लॅब्राडोर मादी आणि पूडल नर यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, तेव्हा तिघांपैकी एकाच पिल्लाचा नवऱ्याला त्रास झाला नाही. त्याचं नाव सुलतान. तो त्या बाईंकडे गेला आणि काम फत्ते झालं.

राहिलेली दोन पिल्लं सांभाळायला मात्र कुणी कुटुंब मिळेना, कारण संकरित कुत्रं कुणाला नको होतं. तेव्हा कॉनरननी संस्थेच्या प्रसिद्धी विभागाला सांगितलं की अ‍ॅलर्जी न होणारा नवा कुत्रा तयार झाला आहे, त्याचं नाव लॅब्राडूडल, अशी बातमी द्या. फोन थांबेनात. नंतर जो तो कुठल्याही लॅबला कुठलाही पूडल लावू लागला. आता त्या गृहस्थांना त्याचा पश्चात्ताप होतो. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या प्रसारण संस्थेच्या कार्यक्रमात ते म्हणाले की आपल्या हातून फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस सुटला, बहुतेक डूडल एक तर वेडे असतात नाहीतर आनुवंशिक आजारांचे. मला विचारशील तर म्हातारबुवा स्वतःवर जरा जास्तच कठोर झाले आहेत. त्या बाईंसाठी केलेल्या संकरात मला काही गैर दिसत नाही. गैर झालं ते ती बातमी दिली तेव्हा. एका घराच्या नवऱ्याला चाललं एवढंच खरं होतं, ते साऱ्या जगाला चालेल म्हणून खपलं.

तुझ्या घरातला मुद्दा तोच आहे, अनिकेतच्या शिंका. अ‍ॅलर्जी केसांनी होत नाही. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रथिनं असतात, त्यांनी होते. केस गळोत न गळोत, लाळ प्रत्येक कुत्र्याला असते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये लॅब्राडूडल, पूडल वगैरे 'बिनत्रासाच्या' म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या केसांतलं हे प्रथिन मोजलं, तर ते इतर कुत्र्यांपेक्षा उलट जास्त निघालं. घरातल्या हवेत फरक सापडला नाही. म्हणजे अनिकेतला एखादं पिल्लू सोसेलही, पण ते त्या पिल्लापुरतं. जाहिरातीतल्या ओळीच्या भरवशावर चार हजार डॉलर मोजायचे आणि सहा महिन्यांनी कुत्रं दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, हे तुझ्या हातून होणार नाही हे मला माहीत आहे. पण तसं करणारे पुष्कळ असतात.

संकरित म्हणून तंदुरुस्त, हा तुझा दुसरा मुद्दा. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०२४ मध्ये नऊ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन ५७ आजार तपासले. कॉकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा संकर), लॅब्राडूडल आणि तुमचा कॅव्हूडल (ब्रिटनमध्ये कॅव्हापू) यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. ८६.६ टक्के तुलनांत काहीच फरक नाही. उरलेल्यांत थोडं इकडे, थोडं तिकडे. म्हणजे कॉनरन म्हणतात तसे ते राक्षस नाहीत आणि विकणारा म्हणतो तसे पोलादीही नाहीत. कारण सोपं आहे. दोन प्रती लागणारा जनुकदोष एकाच जातीत असेल तर संकरानं झाकला जातो, पण दोन्ही जातींत तोच असेल तर संकर काय करणार? डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक दोष पूडलमध्येही आहे आणि लॅब्राडोरमध्येही. तिथे तपासणीच लागते.

संकरानं खरोखर रोग जाऊ शकतो, त्याचंही उदाहरण देतो, नाहीतर तू म्हणशील बाबा एकतर्फी बोलतात. डाल्मेशियन, ते ठिपक्यांचं कुत्रं. त्याच्या लघवीत युरिक अ‍ॅसिड इतकं असतं की मुतखडे होतात, आणि दोष सगळ्या जातीतच, त्यामुळे जातीच्या आत निरोगी कुत्रं शोधून सापडत नव्हतं. रॉबर्ट शायबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञानं १९७३ साली फक्त एकदा पॉइंटर जातीचं रक्त आणलं आणि मग पिढ्यान्‌पिढ्या डाल्मेशियनशीच जुळवत, निरोगी जनुक असलेली पिल्लं तेवढी पुढे निवडत गेला. ती कुत्री दिसायला पूर्ण डाल्मेशियन आणि लघवी स्वच्छ. अमेरिकन केनेल क्लबनं त्यांना मान्यता द्यायला २०११ उजाडलं, इतका शुद्धतेचा सोस! कागदावर शुद्ध आणि आतून आजारी, हे वंशावळवाल्यांचं पाप डूडलवाल्यांच्या पापाहून लहान नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. तू मला पिल्लाचे सात फोटो पाठवलेस. आईचा एकही नाही.

आपल्याकडचा शेतकरी कालवड घ्यायला गेला तर कालवडीकडे एकदा बघतो आणि गोठ्यात तिची आई कुठे आहे ते विचारतो. खाण तशी माती. कॅव्हूडलची आई बहुधा कॅव्हेलियर असते आणि बाप छोटा पूडल. कॅव्हेलियरच्या हृदयाची झडप लवकर गळू लागते, म्हातारपणापर्यंत पोचणाऱ्या बहुतेकींना हा आजार होतो. काहींची कवटी मेंदूला अपुरी पडते, पाठीच्या कण्यात पाण्याच्या पोकळ्या होतात आणि कुत्री हवेतच मान खाजवत राहते. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल दिला, की या जातीची जातीतल्या जातीत पैदास करणं तिथल्या प्राणीकल्याण कायद्यात बसत नाही. हृदयासाठी पैदासकारांचा जुना नियम आहे: अडीच वर्षांची होईपर्यंत मादी लावायची नाही, तोवर हृदय स्वच्छ असलं पाहिजे, आणि तिच्या आईबापांचं हृदयही पाचव्या वर्षी स्वच्छ निघालेलं असलं पाहिजे. आता विचार कर, पिल्लामागे चार हजार डॉलर मिळत असताना अडीच वर्षं कोण थांबतो? पहिल्या-दुसऱ्या माजालाच लावून मोकळे होतात.

इंग्लंडमध्ये लूसी नावाची एक कॅव्हेलियर होती. वेल्समधल्या पिल्लांच्या कारखान्यात वेतामागून वेत काढून घेतलेली. तिला २०१३ मध्ये सोडवलं तेव्हा पिंजऱ्यात राहून तिचा कणा वाकलेला होता आणि अंगावरचे केस गेलेले. २०१६ मध्ये ती गेली. तिच्याच नावानं ओळखला जाणारा नियम एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये आहे: पिल्लू विकायचं तर ते जन्मलं त्या जागी, आईसोबत दाखवूनच विकायचं, मधला दलाल नको. तिची पिल्लं मात्र छान, गुबगुबीत असतील, कुणाच्या तरी सोफ्यावर वाढली असतील. आपल्या हातून काही वाईट झालं, हे विकत घेणाऱ्यांच्या कानावरही आलं नसेल.

तुमच्या व्हिक्टोरियात कायदा बरा आहे. २०१७ मध्ये केलेल्या बदलांनी पैदासकाराला दहापर्यंतच माद्या ठेवता येतात, त्याहून जास्त, पन्नासपर्यंत ठेवायच्या तर मंत्र्यांची मंजुरी लागते. जुलै २०१८ पासून पाळीव प्राण्यांच्या दुकानांत फक्त निवाऱ्यांतून किंवा तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडून आलेली कुत्रीच विकायला ठेवता येतात. जुलै २०१९ पासून जाहिरातीत कुत्र्याच्या अंगात बसवलेल्या ओळखचिपचा नंबर आणि विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक लागतो. तू पाठवलेल्या जाहिरातीत मला तो दिसला नाही, एकदा बघ. पण कायदा माद्या मोजतो, त्यांची हृदयं तपासत नाही. ते काम तुझं. (इकडे तर लोक बर्फाळ प्रदेशातला हस्की कुत्रा आणून त्याला एसीत ठेवतात, तो विषय आज नको.)

म्हणून पैसे भरण्याआधी पिल्लू विकणाऱ्या त्या बाईंना विचार: आईची जन्मतारीख काय, हे कितवं वेत, हृदय कुणी तपासलं आणि कधी, बापाच्या डोळ्यांचा आणि गुडघ्याच्या वाटीचा अहवाल आहे का, आणि तुम्हाला जमलं नाही तर कुत्रं त्या परत घेतील का. गाडी काढून तिथे जा, आई बघ, हात लावू दे म्हण. "आई सध्या बहिणीकडे आहे", "आम्ही तुम्हाला वाटेत पेट्रोल पंपावर पिल्लू आणून देतो", असं म्हणाल्या तर बोलणं तिथेच संपव. सगळी उत्तरं नीट मिळाली तर खुशाल घे. मी आडवा येणार नाही, मीराला तर आधीच नाव सुचवून ठेवलं आहे.

आणि घेण्याआधी एकदा नॉर्थ मेलबर्नच्या लॉस्ट डॉग्ज होम या बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्याला चक्कर मार. तिथेही संकरितच कुत्री आहेत, फक्त त्यांना कुणी मुद्दाम जुळवलेलं नाही. तुमच्याकडे शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाऊंडही दत्तक मिळतात. आपल्या कारवानी कुत्र्याच्या घाटाचे, आखूड केसांचे, आणि धावणारे असूनही दिवसभर झोपणारे. डूडलच्या केसांच्या जटा होतात, दर सहा-आठ आठवड्यांनी कातरायला न्यावं लागतं, तो खर्च पिल्लाच्या किमतीत कुणी धरत नाही. काही संस्था आधी काही आठवडे नुसतं सांभाळायला देतात. अनिकेतच्या नाकाची परीक्षा त्यातच होईल.

हृदयाचे अहवाल मिळाले तर मला पाठव. मी गाईंचा माणूस असलो तरी तेवढं वाचता येतं, आणि अडलं तर माझा वर्गमित्र पुण्यात कुत्र्यांचाच दवाखाना चालवतो. तुझी आई विचारते आहे की डिसेंबरात तुम्ही महिनाभर इकडे येणार, तेव्हा कुत्रं कुणाकडे ठेवणार. ते ठरलं का?

तुझे,
बाबा