गुन्ह्याची कबुली मागे घेता येत नाही का? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी माझ्या धाकट्या भावाला शाळेच्या बसवरील चालकाची नोकरी नाकारली गेली, कारण चारित्र्य पडताळणीत त्याच्या नावापुढे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 279 (बेदरकारपणे वाहन चालवणे) खालील शिक्षा निघाली. शिक्षा म्हणजे 500 रुपये दंड.

2021 साली त्याच्या टेम्पोला चौकात एक दुचाकी घासली. चूक आपली नाही, हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. 22 तारखा झाल्या. दर तारखेला 700 रुपयांचा रोज बुडाला, म्हणजे 15,400 रुपये गेले. पुढच्या तारखेला कोणीतरी कानात सांगितले, "कबूल म्हण, पाचशेत सुटशील." न्यायालयाने विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, धक्का लागला खरा." छापील कागदावर मात्र "मला गुन्हा कबूल आहे" असे होते आणि त्याखाली त्याची सही घेतली गेली. मधल्या सुट्टीत मी त्याला त्या सहीचा अर्थ सांगितला, तेव्हा त्याच्या हातातला चहाचा कप हिंदकळला. सुट्टीनंतर, आदेश होण्यापूर्वी, त्याने हात जोडून सांगितले की मला गुन्हा कबूल नाही, मला खटला लढवायचा आहे. उत्तर मिळाले, "प्ली नोंदवून झाली." प्ली म्हणजे त्याची कबुली.

मंत्रिमहोदय, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 252 सांगत होते की कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी. तिच्यावरून दंडाधिकारी दोषी ठरवू शकतात, ठरवलेच पाहिजे असे नाही. कबुली मागे घेण्याबद्दल मात्र त्यात एक अक्षर नव्हते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमाचा क्रमांक 275 झाला आणि उणीव तशीच राहिली. तपासात कबुलीजबाब देणाऱ्याला दंडाधिकाऱ्यांनी "तुमच्यावर सक्ती नाही, हा जबाब तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो" अशी समज द्यावीच लागते. खटल्यात कबूल म्हणणाऱ्यासाठी या कलमात तशी समज नाही. शिवाय अशा कबुलीवर दोषी ठरलेल्याला जुन्या संहितेच्या कलम 375 मुळे (नव्या संहितेत कलम 416) अपील करता येते ते फक्त शिक्षेचे प्रमाण आणि वैधता यांपुरते. मी निर्दोष आहे, हे सांगायला त्याने आता कोणाच्या दारात जायचे?

राज्यघटनेच्या अनुच्छेद 39-अ मध्ये मोफत विधी साहाय्याचे वचन आहे. 22 तारखांत एकदाही माझ्या भावाला कोणी विचारले नाही की तुला वकील हवा का. ज्या व्यवस्थेत निर्दोष राहायला पंधरा हजार लागतात आणि दोषी व्हायला पाचशे पुरतात, तिथे गरीब माणूस खटला लढवील तरी कसा? प्रकरण निकाली निघाले, एवढ्यावरच सगळे समाधानी असतील, तर माझ्या भावासारख्या माणसांच्या सह्या अशाच घेतल्या जातील.

फौजदारी प्रक्रिया हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारा विषय आहे, त्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला दुरुस्ती करता येते. दोषी ठरवण्याचा आदेश होण्यापूर्वी आरोपीने कबुली मागे घेतली, तर ती रद्द करून खटला पुढे चालवलाच पाहिजे, एवढे एक वाक्य आपण कलम 275 मध्ये घालावे. कबुली घेण्यापूर्वी वकिलाशी बोलण्याची संधी दिली होती का, हे न्यायालयाच्या रोजनाम्यात (कामकाजाच्या नोंदीत) लिहिणे बंधनकारक करावे.

माझा भाऊ सध्या बाजार समितीत हमाली करतो. त्याचा वाहन परवाना घरात तसाच पडून आहे.

आपला,
एका टेम्पोचालकाचा थोरला भाऊ