वाचनालयात मत्स्यकन्या घ्याव्यात का?

मोरजी, पेडणे, गोवा
२० जुलै

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला लागलेला उशीर आळसाने झालेला नाही. तू विचारलेल्या प्रश्नावर काही बोलण्याआधी निदान सहा कादंबऱ्या वाचून काढाव्यात असे मी ठरवले होते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने बारीक टाइपातल्या सहा इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या म्हणजे तीन आठवडे काही जास्त नव्हेत. पुस्तके विकत घ्यावी लागली नाहीत. नात मे महिन्याच्या सुट्टीत आली होती, ती जाताना सगळा गठ्ठा इथेच टाकून गेली. शिवाय १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद आहे, किनाऱ्यावर झावळ्यांच्या छपराखाली होड्या झोपल्या आहेत, आणि खिडकीतून दिसणारा समुद्र असा गढूळ व रागीट आहे की त्यातून एखादी सुकुमार राजकन्या वर येईल हे पटवून घ्यायला मला रोज बराच प्रयत्न करावा लागला.

तुझा प्रश्न असा, की वाचनालयात येणाऱ्या नववी-दहावीच्या मुली मत्स्यकन्यांच्या प्रेमकथा मागतात. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सभासदांच्या मते ‘माशाच्या शेपटीच्या बाईचे प्रेम’ हा ग्रंथखरेदीचा विषय होऊच शकत नाही. तेव्हा तू काय करावेस? माझे उत्तर आधीच सांगतो. पुस्तके घे, पण निवडून घे. निवड कशी करावी यासाठी मात्र तुला हे लांबलचक पत्र सहन करावे लागेल.

या सगळ्या कादंबऱ्या कळत-नकळत एकाच गोष्टीच्या लेकी आहेत. ती गोष्ट म्हणजे ‘द लिटल मर्मेड’ (छोटी मत्स्यकन्या), डॅनिश लेखक हान्स क्रिस्टियन अँडरसनने ती १८३७ मध्ये लिहिली. आपल्या मुलींना ती डिस्नेच्या १९८९ च्या चित्रपटावरून माहीत असते, आणि चित्रपटाने शेवट गोड केला. मूळ गोष्ट मी या निमित्ताने पुन्हा वाचली, तेव्हा लहान मुलांसाठी म्हणून सांगितली जाणारी ही कथा इतकी कठोर आहे हे मी पार विसरलो होतो असे लक्षात आले. समुद्राच्या राजाच्या धाकट्या मुलीला पंधराव्या वर्षी पाण्यावर यायची परवानगी मिळते. ती बुडणाऱ्या राजपुत्राला वाचवते. आणि त्याच्याजवळ राहता यावे म्हणून चेटकिणीकडून पाय मागून घेते. मोबदल्यात चेटकीण तिची जीभ कापून घेते. मिळालेल्या पायांनी टाकलेले प्रत्येक पाऊल सुरीवर टाकल्यासारखे दुखते. राजपुत्र तिच्यावर माया करतो, पण कशी? तिला आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर झोपायची मुभा देतो. लग्न दुसरीशीच करतो. आपल्याला कोणी वाचवले हे त्याला कधीच कळत नाही, कारण जिने ते सांगायचे तिला बोलता येत नाही.

दत्ता, या कथेचा प्राण शेपटीत नाही, त्या कापलेल्या जिभेत आहे. परक्या घरात जाण्यासाठी मुलीने काय द्यायचे, तर आवाज. हे वाचताना मला कोपनहेगनचा किनारा मुळीच आठवला नाही. आपल्या आळीतल्या, लग्नानंतर वर्षभर माजघरातून एक शब्दही बाहेर न आलेल्या दोन-तीन सुना आठवल्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला ही गोष्ट का धरून ठेवते हे मग वेगळे सांगायला नको. घर सोडून दुसऱ्या जगात जावे असे तिला वाटू लागलेले असते, शरीर रोज बदलत असते, आणि त्या जगात आपले बोलणे कोणी ऐकेल की नाही याची धास्तीही असते. अर्धे शरीर एकीकडचे आणि अर्धे दुसरीकडचे, हे त्या वयाचे वर्णन म्हणून वाचून पाहा. त्यात विचित्र असे काही उरत नाही.

वाईट कादंबऱ्या नेमका हाच भाग टाळतात. त्यांतली नायिका पाण्यात शिरली की तिला शेपटी येते आणि टॉवेलने अंग पुसले की जाते, जणू पावसाळी कोट! किंमत काहीच नाही. ती शाळेत जाते, पोहण्याच्या संघातल्या देखण्या मुलाच्या प्रेमात पडते, तिसऱ्याच प्रकरणात शेजारचा उर्मट मुलगा अधिक चांगला आहे हे वाचकाला कळते, आणि तिला कळायला पुढची अडीचशे पाने जातात. सगळे निवेदन ‘मी बघते, मी थरथरते’ अशा वर्तमानकाळात, आणि प्रत्येक प्रकरण दार आपटून संपते. या सहांपैकी तीन पुस्तके अशी निघाली. ती अपायकारक नाहीत, पण तुझ्या तुटपुंज्या अनुदानातून घेण्याजोगीही नाहीत. ज्या मुलींना ती हवीत त्या एकमेकींकडून मिळवून वाचतीलच.

उरलेल्या तीन पुस्तकांसाठी मात्र मी कार्यकारिणीशी भांडायला तयार आहे. लुईज ओनील या आयरिश लेखिकेची ‘द सर्फेस ब्रेक्स’ ही २०१८ ची कादंबरी अँडरसनचीच गोष्ट घेते, पण तिच्यातला समुद्राचा राजा हा जुलमी बाप आहे आणि मुलीचे मुकेपण हाच कादंबरीचा विषय होतो. पुस्तक कडवट आहे. ते अकरावी-बारावीच्या मुलींनाच द्यावे. अलेक्झांड्रा क्रिस्टोची ‘टु किल अ किंगडम’, तीही २०१८ ची, उलट दिशेने जाते. तिची नायिका राजपुत्रांची काळजे काढून घेणारी सायरन, म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवणारी समुद्रकन्या, आहे, नायक सायरनांची शिकार करणारा राजपुत्र आहे, आणि आईने शिक्षा म्हणून माणूस करून टाकल्यावर ती त्याच्याच जहाजावर येते. दोघांनाही एकमेकांना मारण्याची पुरेशी कारणे आहेत, म्हणून त्यांचे प्रेम फुकट मिळाल्यासारखे वाटत नाही. (प्राचीन ग्रीक चित्रांतल्या सायरना पक्ष्यांच्या अंगाच्या होत्या, माशांच्या नव्हे, असे तुमचे ज्येष्ठ सभासद म्हणतील. बरोबरच आहे, मध्ययुगात केव्हातरी युरोपीय चित्रकारांनी त्यांचे पंख काढून शेपटी लावली.) तिसरी नताशा बोवेनची ‘स्किन ऑफ द सी’, २०२१ ची. ही मला सर्वांत आवडली. पश्चिम आफ्रिकेतल्या लोकश्रद्धेतली मामी वाटा, म्हणजे जलदेवता, हिची नायिका आहे. समुद्रात मेलेल्यांचे आत्मे गोळा करून त्यांना घरी परत पाठवणे हे तिचे काम, आणि ते मेलेले येतात कुठून, तर गुलामांच्या जहाजांवरून. एके दिवशी ती आत्मा गोळा करण्याऐवजी एका जिवंत मुलाला वाचवते, आणि तो नियमभंग ठरतो. एवढ्या एका कृतीतून प्रेमकथा आणि इतिहास एकमेकांत असे गुंततात की मी ते पुस्तक एका रात्रीत संपवले आणि सकाळी सौ.ची बोलणी खाल्ली.

बोवेन यांचे पुस्तक मिटल्यावर मला एक प्रश्न सतावू लागला. त्यांनी आपल्या किनाऱ्यावरची देवता उचलली. मग आपल्याकडे काय आहे? मी आदिपर्व काढून बसलो, आणि इतकी वर्षे शाळेत महाभारत शिकवूनही जे ध्यानात आले नव्हते ते आले. शंतनूने दोन बायका केल्या आणि दोन्ही पाण्यातल्या! पहिली गंगा. ती अट घालते, की मी काय करीन त्याबद्दल मला अडवायचे नाही, मला अप्रिय बोलायचे नाही. बोललास त्या दिवशी मी निघाले. म्हणजे इथे जीभ आवरायची आहे ती पुरुषाने. आठव्या मुलाच्या वेळी त्याच्याने राहवत नाही, तो बोलतो, आणि ती जाते. गंमत अशी, की जर्मन लेखक फूके याच्या १८११ च्या ‘उंडीने’ या कथेतही जवळजवळ हीच अट आहे. पाण्यावर असताना नवऱ्याने जलकन्येला कठोर शब्द बोलला तर तिला पाण्यात परतावे लागते, आणि डॅन्यूब नदीवर होडीत बसलेला असताना तो नेमके तेच करतो. 

शंतनूची दुसरी पत्नी सत्यवती. शापाने मासोळी झालेल्या अप्सरेच्या पोटची, कोळ्याच्या घरी वाढलेली, यमुनेवर होडी चालवणारी, आणि अंगाला माशांचा वास म्हणून मत्स्यगंधा. तिला जमिनीवरच्या राजवाड्यात जाताना काही द्यावे लागले नाही. उलट राजपुत्रालाच सिंहासन आणि संसार सोडावा लागला. त्या अटी तिच्या बापाने घातल्या, तिने नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु पुढे वंश बुडायची वेळ आली तेव्हा हस्तिनापुरात शेवटचा शब्द तिचाच होता. आणि उलूपी तर सर्वांवर कडी. ती नागकन्या स्नानाला उतरलेल्या अर्जुनाला पाण्यात ओढून नेते, आणि तो ब्रह्मचर्याचे कारण पुढे करतो तेव्हा ती त्याच्याशी वाद घालते, की तुझे व्रत द्रौपदीपुरते आहे, माझ्याबाबतीत ते मोडत नाही. आणि ती वादात जिंकते! अँडरसनच्या मुक्या मुलीशेजारी हिला उभी करून पाहा. तुमच्या सभासदांना सांग, की हा विषय ग्रंथखरेदीत बसत नसेल तर आदिपर्वही कपाटातून काढावे लागेल.

मत्स्यगंधेवरून आठवले. या सहाही पुस्तकांत नायिकेला वास म्हणून येत नाही. फार तर ‘समुद्राच्या मिठाचा गंध’. आमच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठे जाळे, ओढून झाल्यावर तारले आणि बांगडे निवडायला बसलेल्या बायकांपुढे हे वाचून दाखवले तर त्या हसून लोळतील. नातीनेही विचारले होते, की आजोबा, खवले आहेत तर वास कसा नाही? व्यासांनी मात्र वास लपवला नाही. आधी तो सांगितला, मग पराशराने दिलेल्या वराने तो घालवला, आणि तोही तिने मागितल्यावर.

मत्स्यकन्या गोव्याला परकी आहे असेही कोणी समजू नये. सतराव्या शतकात इथल्या कारागिरांनी पोर्तुगिजांसाठी जी नक्षीदार कपाटे घडवली, त्यांतल्या काहींचे पाय मत्स्यकन्यांच्या आकाराचे आहेत. अभ्यासकांपैकी कोणी त्यांना मत्स्यकन्या म्हणतात, कोणी नागिणी. मला वाटते, गिऱ्हाइकाने सायरन मागितली आणि सुताराने देवळात पाहिलेली नागीण दिली, आणि दोघेही समाधानी राहिले. १५५३ मध्ये गोव्यात आलेल्या कामोंइश या पोर्तुगीज कवीनेही आपल्या महाकाव्यात वास्को द गामाचे जहाज मोंबासाच्या दगाफटक्यातून वाचवायला समुद्रकन्याच धाडल्या आहेत. त्या आपल्या छातीने जहाज मागे रेटतात. एवढी सामग्री असून मराठीत बारा ते अठरा वयाच्या मुलीसाठी अशी एक कादंबरी मला चटकन सांगता येत नाही. फास्टर फेणे वाचून एक पिढी वाढली, पण त्या सायकलवर मागे बसायलाही प्रेमाला जागा नव्हती. कुमारवाचकाला साहस द्यायचे आणि प्रेम मात्र एकदम प्रौढांच्या कपाटातून चोरून वाचू द्यायचे, ही आपली जुनी रीत. तेरेखोलच्या खाडीत, जिथे नदी आणि समुद्र भरतीला एकमेकांत शिरतात, तिथली एखादी उलूपी कोणीतरी लिहावी. मी लिहिणार नाही. प्रेमप्रसंग लिहिताना मी व्याकरण तपासू लागेन.

तर व्यवहाराचे बोलतो. कपाट वेगळे करू नकोस. ‘मुलींची पुस्तके’ अशी पाटी तर मुळीच नको, कारण क्रिस्टोची कादंबरी मुलगेही वाचतील, फक्त पाटीखालून उचलणार नाहीत. नवे पुस्तक घेताना एवढेच पाहा, की यात गप्प कोणाला बसवले आहे, आणि लेखिकेला त्याची जाणीव आहे का. चुंबनांची संख्या मोजत बसू नकोस. ते काम तुमचे ज्येष्ठ सभासद आपणहून करतीलच.

माझ्याकडची तिन्ही पुस्तके पुढच्या आठवड्यात वेंगुर्ल्याला येणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांबरोबर पाठवतो, शिवाय अँडरसनचे भाषांतरही. गणपतीपर्यंत ठेव. नातीने समासात पेन्सिलीने बरेच काही लिहिले आहे, ते खोडू नकोस. चेटकीण जीभ कापते त्या पानावर तिने लिहिले आहे, ‘बोलता येत नाही, पण लिहिता येत असेल ना? चिठ्ठी का नाही दिली?’ मी तिला अजून उत्तर देऊ शकलेलो नाही. तुला सुचले तर कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत