घर लांबलं ते बिल्डरमुळे नाही

घणसोली, नवी मुंबई
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की शब्द घशातच अडकतात, म्हणून लिहितेय. खारघरचा फ्लॅट लांबला तो बिल्डरचे कागद अडकले म्हणून नाही. कागद चोख आहेत, महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या सरकारी नोंदीच्या साइटवर मी स्वतः पाहिलेत. अडकलंय माझं कर्ज, आणि तेही माझ्याच करणीनं. जुलैपासून तुम्हाला थापा मारतेय.

जुलैत वाशीला बँकेत गेले होते. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, सगळं फायलीत लावून. साहेबांनी पॅन नंबर टाकला, जरा वेळ बघत राहिले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सिबिल, म्हणजे कर्ज फेडायच्या सवयीचे गुण, ६४१. हा आकडा ३०० ते ९०० असतो. साडेसातशेच्या वर असला की बँकवाले चहा मागवतात. खाली एका जुन्या क्रेडिट कार्डापुढे ‘सेटल्ड’ असं लिहिलेलं. साहेबांनी त्या शब्दावर पेनाचं टोपण दोनदा आपटलं. बोलले काहीच नाहीत.

लॉकडाऊनमध्ये पगार अर्धा झाला तेव्हा मी म्हणायचे ना, ‘माझं भागतंय’? भागत होतं ते त्या कार्डावर. ६१ हजार ४०० थकले, वसुलीचे फोन सुरू झाले. २०२१ मध्ये त्यांच्याच माणसानं सांगितलं, एकरकमी ३८ हजार भरा, विषय संपला. मी भरले आणि हुश्श केलं. पण उरलेले २३ हजार ४०० त्यांनी मागायचे सोडले होते, वहीतून खोडले नव्हते. बाबा, पगार हातात पडला की तुम्ही घरी यायच्या आधी वाण्याची उधारी चुकती करायचात. वाण्याच्या वहीसारखेच माझ्या सिबिलच्या रिपोर्टात महिन्यामहिन्याचे चौकोन आहेत. वेळेवर भरलं की ०००. मधेच ०३०, मग ०६०, मग ०९०, म्हणजे किती दिवस उशीर झाला ते. वाण्याची वही निदान त्याच्या गल्ल्याखाली असायची. ही कुठलीही बँक उघडून बघते.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. वाशीत नकार मिळाल्यावर एका एजंटानं ‘मॅडम, दुसरीकडे करून देतो’ म्हणत एकाच आठवड्यात तीन ठिकाणी अर्ज टाकले. कर्जाचा अर्ज आला की बँक रिपोर्ट मागवते, त्याची नोंद राहते, आणि अशा नोंदी पाठोपाठ आल्या की बाई पैशांसाठी दारोदार फिरतेय असं दिसतं. आकडा आणखी खाली गेला. आपण स्वतः कितीही वेळा बघितला तर काही होत नाही. असे रिपोर्ट ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, २०१७ पासूनचा नियम आहे. मला तो ठाऊकच नव्हता.

म्हणूनच बाबा, दादाच्या ओळखीच्या त्या मॅनेजरकडे आत्ता अर्ज द्यायचा नाही. ओळखीनं चहा मिळेल, आकडा बदलणार नाही.

ऑगस्टमध्ये मी ते २३ हजार ४०० भरले. दिवाळीचा बोनस येईपर्यंत थांबले असते, पण झोप लागेना. बँकेकडून ‘काही येणं नाही’ असं पत्र घेतलं. तरी रिपोर्टात ‘सेटल्ड’ तसंच! मग सिबिलच्या साइटवर तक्रार टाकली, पत्र जोडलं. तीस दिवसांत निकाली काढावी लागते, नाहीतर त्यांना दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. बहुतेक त्याच धाकानं सत्ताविसाव्या दिवशी ‘क्लोज्ड’ झालं. उशिराचे ते चौकोन मात्र खरे आहेत, ते कोणी पुसू शकत नाही. स्टेशनबाहेर ‘सिबिल वाढवून देतो’ असे कागद वाटणारी पोरं उभी असतात, त्यांना तर मुळीच जमणार नाही.

दुसरं कार्ड मी दरमहा पूर्ण भरते, तरी तेही नडत होतं. मर्यादा ८० हजार आणि वापर सत्तर हजारांच्या घरात. बिल निघालं की तो सत्तरचाच आकडा वर कळवला जातो, आपण नंतर भरलं तरी. आता वापर २४ हजारांच्या आत ठेवते आणि बिल निघायच्या आधीच थोडे भरून टाकते. कार्ड जुनं आहे म्हणून बंद केलं नाही. काल पाहिलं तर ६९४.

साडेसातशेपर्यंत कळ काढायचं कारण सांगते. ५० लाखांच्या कर्जाला वीस वर्षांसाठी साडेआठऐवजी नऊ टक्के लागले, तर हप्ता जवळपास सोळाशेनं वाढतो. वीस वर्षांत पावणेचार लाखांच्या वर. तेवढ्यात आपल्या पडवीवर नवं छप्पर होऊन शिवाय आईचा ओटा होईल.

बाबा, तुम्हाला सहकर्जदार करावं असंही मनात होतं. दिवाळीत तुमच्या फोनवर आलेला ओटीपी मी मागितला तो त्यासाठी. तुमचा आकडा वजा एक आला. रागावू नका, वजा एक म्हणजे नोंदच नाही. एकतीस वर्षं एसटीत, एक पैसा बुडवला नाही, पण पतपेढीतलं कर्ज तिथं दिसलंच नाही आणि बँकेकडून तुम्ही कधी काही घेतलं नाहीत. बराच वेळ तो आकडा बघत बसले होते.

आई, फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला तर बाई म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो, तेव्हा तुझी ‘बाबांचंही नाव लाव’ ही गोष्ट राहू दे. अक्षय्य तृतीयेपर्यंत बघते. तोवर हा फ्लॅट गेला तर जाऊ दे, खारघरला फ्लॅटांचा तोटा नाही.

आणि एफडी मोडायची नाही. तुम्ही परवा ‘पावती काढून ठेवलीये’ म्हणालात. ती परत कपाटात, आईच्या शालूखाली ठेवा. ती तुमच्या दोघांच्या दवाखान्यासाठी आहे. शिवाय त्या पैशानं माझे चौकोन बदलत नाहीत.

ता. क. पुतण्याच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन राहायचं म्हणत होतात. सही करायच्या आधी मला फोन करा. त्यानं हप्ता चुकवला तर तो तुमच्या वहीत येतो.

तुमची,
धाकटी